वाचकांचे प्रश्न: एन्झाइमच्या फिल्मला इतके थर कशाला?

प्रश्न: मॅडम, मी एमएस्सी केमिस्ट्रीला आहे. प्रोजेक्टसाठी ग्लुकोज मोजणारा सेन्सर बनवतोय, त्यासाठी प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर पॉलिपायरोलची (करंट वाहून नेणाऱ्या पॉलिमरची) फिल्म वाढवली आणि त्यातच ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम अडकवलं. ग्लुकोज टाकलं की करंट मस्त वाढतो, पण व्हिटॅमिन सीची गोळी विरघळवून टाकली तरी वाढतो, आणि आठवड्याभरात करंट निम्म्यावर आला. सर म्हणतात थर देऊन बघ. एकाच फिल्मने का भागत नाही? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर: तुझ्या हातून काही चुकलेलं नाही हे आधी सांगते, कारण या टप्प्यावर मुलं आपलीच फिल्म बिघडली असं धरून तीच तीच परत बनवत बसतात. एकट्या फिल्मकडून आपण एन्झाइम धरून ठेवायचं पण काम मागतो आणि नको ते अडवायचं पण, आणि ते जमत नाही.

एन्झाइम आत कसं जातं बघ. पॉलिपायरोल वाढतं तेव्हा त्याच्या साखळीवर पॉझिटिव्ह चार्ज असतो, तो भागवायला सोबत निगेटिव्ह काहीतरी लागतंच. ग्लुकोज ऑक्सिडेजचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला त्याच्यावर एकूण चार्ज शून्य असतो तो) ४.२ च्या आसपास, म्हणजे पीएच ७ च्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ते निगेटिव्ह, म्हणून फिल्म वाढता वाढता ते पण आत ओढलं जातं, ना उष्णता लागते ना कडक केमिकल. १९८६ मध्ये केंब्रिजच्या फोल्ड्स आणि लोव यांनी हे करून दाखवलं, मला अजूनही ही कल्पना फार देखणी वाटते.

आता गोळीचं. एन्झाइम ग्लुकोज आणि ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं आणि आपण मोजतो ते पेरॉक्साइड, प्लॅटिनमवर साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टला. नेमकं त्याच व्होल्टेजला व्हिटॅमिन सी पण इलेक्ट्रॉन देतं, युरिक ॲसिड देतं, पॅरासिटामॉल देतं, इलेक्ट्रोडला काय कळणार कोणाचा इलेक्ट्रॉन आहे ते! म्हणून एन्झाइमच्या खाली, प्लॅटिनमला चिकटून एक चाळणी द्यायची. ऑर्थो-फेनिलिनडायअमाइनचा पॉलिमर त्यासाठी उत्तम, तो करंट वाहून नेत नाही त्यामुळे थोडा वाढला की आपोआप थांबतो आणि थर एकदम पातळ राहतो, पेरॉक्साइड एवढंसं असल्यामुळे त्यातून निसटतं, मोठे रेणू वरच अडकतात. दुसरा मार्ग म्हणजे पॉलिपायरोलच मुद्दाम ओव्हरऑक्सिडाइज करायचं, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गरजेपेक्षा जास्त ऑक्सिडाइज करायचं, मग ते निगेटिव्ह व्हिटॅमिन सीला ढकलून देतं, पण पॅरासिटामॉलवर चार्जच नसतो, तिथे ही ढकलाढकली चालत नाही, आकारानेच अडवावं लागतं. मी तुझ्या जागी असते तर पहिला मार्ग धरला असता.

करंट निम्मा होण्यामागे दोन संशयित आहेत. एक, एन्झाइम धुऊन जातंय. दोन, ०.७ व्होल्ट आणि पेरॉक्साइड मिळून पॉलिपायरोलच खराब करतायत. ओळखायचं सोपं आहे, इलेक्ट्रोड ज्या बफरमध्ये ठेवतोस त्यातून तो बाहेर काढ, मग त्या बफरमध्ये ग्लुकोज टाक आणि पेरॉक्साइड बनतंय का ते बघ. बनलं तर एन्झाइम गळतंय, मग अल्ब्युमिन या प्रोटीनबरोबर ग्लुटराल्डिहाइड वापरून थोडं क्रॉसलिंक कर (म्हणजे रेणू एकमेकांना जोडून टाक), थोडंच हां, जास्त झालं तर एन्झाइम धरून राहील पण काम करणार नाही (आणि हे काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफ बाहेर खेचणाऱ्या कपाटात, डोळ्यांना फार लागतं). फिल्म जाड करून गळती थांबवायच्या फंदात पडू नको, खालच्या एन्झाइमपर्यंत ग्लुकोज पोचतच नाही. वापर नसेल तेव्हा इलेक्ट्रोड ४ डिग्रीला बफरमध्ये ओला ठेव.

सगळ्यात वरचा थर लोक विसरतात. रक्तात ग्लुकोज साधारण ५ मिलीमोलर असतं, आणि हवा मिसळलेल्या पाण्यात ऑक्सिजन जेमतेम पाव मिलीमोलर. ऑक्सिजन आधी संपला की ग्लुकोज कितीही वाढवा, आकडा जागेवरच. म्हणून वर पॉलियुरेथेनसारखा थर देतात, तो ग्लुकोजला रोखतो आणि ऑक्सिजनला मोकळा सोडतो. तुझी ग्राफची रेघ पुढे जाऊन आडवी होत असेल तर हे नक्की करून बघ.

प्रश्न: आईच्या शुगर मशीनच्या पट्टीत पण हीच फिल्म असते का? डबीचं झाकण उघडं राहिलं तर पट्ट्या फेकून द्यायच्या का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही, घरच्या बहुतेक पट्ट्यांमध्ये हा पॉलिमर नसतो. तिथे कार्बनच्या शाईचे इलेक्ट्रोड असतात, वर वाळवलेलं एन्झाइम आणि इलेक्ट्रॉन पोचवणारं एक मध्यस्थ केमिकल, पेरॉक्साइडची भानगडच नाही. पण एन्झाइम वाळलेलं आहे म्हणूनच दमट हवेला जपायचं, डबीत ओल शोषणारं जे असतं ते त्याचसाठी. झाकण घटकाभर उघडं राहिलं असेल तर मशीनबरोबरच्या कंट्रोल सोल्युशनने एक पट्टी तपासा, आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला तर वापरा. पावसाळ्यात रात्रभर उघडी राहिली असेल तर मात्र सरळ नवी डबी आणा, आईंचा इन्सुलिनचा डोस त्या आकड्यावर ठरत असेल तर जुन्यावर विसंबूच नका.