मेक्सिकोतला 'मृतांचा दिवस' गाइडेड टूर घेऊन बघावा का? सोबत वयस्कर आई असेल तर जमेल का?

'मृतांचा दिवस' म्हणजे नोव्हेंबरच्या १-२ तारखेला गेलेली माणसं घरी येतात असं मानून करायचा सण. तुम्ही विचारलंय की टूर घ्यावी का, मेक्सिको सिटी बरी की दक्षिणेकडचं वाहाका शहर, आणि आईला झेपेल का. शेवटी एक ओळ जोडली आहे: 'दुसऱ्याच्या दुःखाचा तमाशा बघायला गेल्यासारखं तर नाही ना वाटणार?' खरा प्रश्न तोच आहे, त्यामुळे बाकीचं आधी पटकन उरकतो.

मी २०२३ मध्ये आईला घेऊन वाहाकाला गेलो होतो. ती तेव्हा ७२ वर्षांची होती आणि सांगलीहून आमच्याकडे ह्यूस्टनला आली होती. तिच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा होता, म्हणून मेक्सिकोचा वेगळा लागला नाही. (नियम बदलतात, निघण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.) ह्यूस्टनहून वाहाकाला थेट विमान आहे.

मेक्सिको सिटीतली ती मोठी मिरवणूक, अवाढव्य सांगाडे आणि रंगवलेले रथ असलेली, व्हिडिओंमध्ये तुम्ही पाहिली असेल. ती परंपरा वगैरे काही नाही. २०१५ मध्ये आलेल्या एका बाँडपटात तशी मिरवणूक दाखवली होती. ती खोटी होती, पण लोकांना इतकी आवडली की २०१६ पासून शहराने ती खरोखरच काढायला सुरुवात केली. बघायला छान आहे, पोरं खूश होतात. पण तेवढ्यासाठी जाऊ नका. सिटीतच राहायचं असेल तर शहराच्या आग्नेय टोकाला मिस्किक नावाचं जुनं गाव आहे. तिथे २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सगळं कब्रस्तान मेणबत्त्यांनी उजळतं. मिचोआकान राज्यातलं पात्स्क्वारो सरोवर आणि त्यातलं हानित्सिओ बेटही प्रसिद्ध आहे. पण तिथे रात्री होडीने जायचं, चढ चढायचा आणि वर कडाक्याची थंडी, म्हणून आईसोबत तो बेत मी सोडून दिला.

राहिलं वाहाका. ३१ ऑक्टोबरला सकाळी बाजारात शिरलो आणि आई जागच्या जागी थांबली. दसरा होऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि इथे पुन्हा झेंडूचे ढीग! टेम्पो भरभरून झेंडू, शेजारी कोंबड्याच्या तुऱ्याची जांभळट लाल फुलं. "अरे, हे आपल्या मार्केट यार्डातनं आणलं काय यांनी?" उलट आहे म्हटलं. झेंडू मूळचा इथलाच, युरोपीयांच्या जहाजांतून आपल्याकडे आला. इथे त्याला 'सेंपासूचिल' म्हणतात. शब्द नाहुआत्ल भाषेतला, अर्थ 'वीस फुलं', म्हणजे एका फुलात पुष्कळ पाकळ्या. त्याच्या रंगाने आणि वासाने मृतांना घरची वाट सापडते असं मानतात, म्हणून दारापासून आतल्या वेदीपर्यंत पाकळ्यांची पायवाट घालतात. "म्हणजे आपण दाराला बांधतो आणि हे जमिनीवर टाकतात," एवढं बोलून आईने विषय संपवला आणि भाव विचारायला लागली. तिला स्पॅनिश येत नाही, त्या बाईला मराठी येत नव्हती. तरी आई फुलांच्या दोन जुड्यांवर एक जुडी फुकट घेऊन आली.

त्या घरातल्या वेदीला 'ओफ्रेंदा' म्हणतात. आमच्या गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी मांडली होती ती आईने अर्धा तास बघितली. गेलेल्यांचे फोटो, पेलाभर पाणी (लांबून आलेत, तहान लागली असेल), मीठ, मेणबत्त्या, साखरेच्या कवट्या, 'पान दे मुएर्तो' नावाचा पाव. वाहाकात त्या पावात पिठाचा एक छोटा रंगवलेला चेहरा खोचलेला असतो. आणि ज्याला जे आवडायचं ते: एकाला मेस्काल ही तिथली दारू, एकाला सिगारेटचं पाकीट, कुणाला मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा. मातीच्या धुपाटण्यात 'कोपल' जळत होता. झाडाचा डिंकच तो, आणि आपला गुग्गुळ त्याच वनस्पतिकुळातला, त्यामुळे वास परका वाटत नाही. एक मेणबत्ती बाजूला वेगळी होती. ती कुणाची? मालकीणबाई म्हणाल्या, ज्यांची आठवण काढायला कुणी उरलं नाही त्यांची. आईने मान हलवली. तर्पण करताना ज्यांचं कुणी नाही त्यांच्या नावाने आपल्याकडेही ओंजळ सोडतात, ते तिला बाबांच्या श्राद्धातून माहीत होतं.

मग आईने मला एक प्रश्न भाषांतर करायला लावला, तो मी आजही विसरलेलो नाही. "ते आले, जेवले, हे यांना कळतं कसं?" आपल्याकडे पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात. शिवला नाही तर सगळे हवालदिल होतात, मनातल्या मनात कबुल्या देतात. बाबांच्या दहाव्याला पाऊण तास थांबलो होतो, शेवटी थोरल्या काकांनी "तुझ्या बायकोला काही कमी पडू देणार नाही" म्हटलं तेव्हा कावळा आला. मालकीणबाई हसल्या. म्हणाल्या, ते वास खाऊन जातात. दोन तारखेनंतर ओफ्रेंदावरचं अन्न चाखून बघा, चव गेलेली असते. परीक्षा नाही, रुसवा नाही. आई नंतर बराच वेळ गप्प होती.

आता टूर. इथे मी चुकलो, तुम्ही चुकू नका.

पहिली टूर मी इंटरनेटवर फोटो बघून घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, तशा पुष्कळ आहेत. दोन गाड्या, २८ माणसं. दुपारी चारला सगळ्यांची तोंडं कवटीसारखी रंगवली. हा 'कत्रिना'चा चेहरा. होसे ग्वादालूपे पोसादा या छापचित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका सांगाड्याला फुला-पिसांची फ्रेंच टोपी घातली होती, युरोपीय दिसण्याची हौस असलेल्यांची चेष्टा म्हणून. पुढे दिएगो रिव्हेराने १९४७ च्या भित्तिचित्रात तिला पायघोळ झगा चढवला आणि नाव रूढ केलं. म्हणजे मूळची चेष्टा होती ती परदेश्यांसारखं नटणाऱ्यांची, आणि आता परदेशी लोक पैसे देऊन तिच्यासारखे नटतात. आईने तोंड रंगवायला साफ नकार दिला.

रात्री होहोकोत्लानला नेलं. शहराला लागूनच आहे, सगळे त्याला 'होहो' म्हणतात. तिथल्या जुन्या कब्रस्तानात पडक्या चर्चच्या भिंती आहेत, आणि ३१ ला रात्रभर लोक थडग्यांपाशी बसतात. दृश्य अप्रतिम आहे, खोटं कशाला बोलू. पण गर्दी गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखी. अरुंद वाटांतून हजारो पर्यटक एकामागून एक, प्रत्येकाचा फोन वर. एक म्हातारा थडग्याशी खुर्ची टाकून बसला होता, आणि आमच्यातलाच एकजण त्याच्या पुढ्यात उकिडवा बसून फ्लॅश मारत होता. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. गाइडने घड्याळ दाखवून सांगितलं की ५० मिनिटांत गाडीपाशी या. आई म्हणाली, "चल बाबा. मयताच्या घरी असं नसतं यायचं." तुमची शंका त्या रात्रीपुरती शंभर टक्के खरी होती.

दुसऱ्या दिवशी हे मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी ओळखीची एक गाइड गाठून दिली. सापोतेक, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातली बाई, सहाच माणसं घेणारी, स्वतःच्या आजोळी नेणारी. २ नोव्हेंबरला, आणि रात्री नव्हे, भर दुपारी. त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. निघताना तिने सगळ्यांना बाजारात उतरवलं: फुलं घ्या, मेणबत्त्या घ्या, एक पाव घ्या, पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही. गाडीत नियम सांगितले. थडग्यावर पाय पडू द्यायचा नाही. आधी नमस्कार, मग गप्पा, फोटो वाटलाच तर विचारून, आणि पहिला अर्धा तास फोन खिशात. कुणी खायला दिलं तर नाही म्हणायचं नाही.

तिथे जे होतं त्याला दुःख म्हणावं की जत्रा, मला ठरवता आलं नाही. बायका थडगी झाडत होत्या, पाणी मारत होत्या. काहींनी मातीवर रंगीत वाळू आणि लाकडाच्या भुशाने चित्रं काढली होती. 'तापेते' म्हणतात त्यांना, म्हणजे गालिचे, पण चिमटीतून वाळू सोडायची पद्धत पाहिलीत तर तुम्ही रांगोळीच म्हणाल. बँडवाले थडग्या-थडग्यापाशी जाऊन मृताच्या आवडीचं गाणं वाजवत होते. पोरं पळत होती. एक बाई मात्र एकटीच रडत होती, आणि तिला कुणी गप्प करत नव्हतं. आपल्याकडे पितृपक्ष म्हटलं की नवीन वस्तू घ्यायची नाही, बोलणी करायची नाहीत, पितरांना जेवू घालायचं पण जरा दबकतच. वसईचे ख्रिस्ती लोकही २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं-मेणबत्त्या ठेवतात. माझ्या तिथल्या मित्राच्या घरचं मी पाहिलंय, ते शांत, प्रार्थनेचं असतं. इथे मृतांबरोबर चक्क सहल होती.

एका थडग्यापाशी गाइडच्या मावशी बसल्या होत्या. आईने फुलं दिली. मावशींनी गाइडकरवी विचारलं, तुमचं कोण गेलंय?

"मालक. सहा वर्षं झाली."

नाव काय? काय आवडायचं त्यांना खायला?

आईने खर्डा-भाकरी सांगितलं. भाषांतर करताना माझी तारांबळ उडाली. शेवटी 'मिरचीची चटणी आणि जाड तोर्तिया', म्हणजे मक्याची पोळी, एवढं जमलं, आणि मावशी एकदम खूश: म्हणजे आमच्यातलेच की! त्यांनी आम्हीच आणलेली एक मेणबत्ती उचलली, आपल्या दिराच्या थडग्यावरच्या मेणबत्त्यांच्या रांगेत टेकवली आणि बाबांचं नाव जमेल तसं उच्चारलं. 'श्रीपाद'चं 'एस्रिपा' झालं. आई हसायला लागली.

तेव्हा टूर घ्या, कारण गावातल्या माणसाशिवाय तुम्हाला असं कुणाशेजारी बसता येणार नाही. पण पैसे भरण्याआधी विचारा: गटात किती माणसं, कब्रस्तानात किती वेळ, गाइड त्या गावचा आहे का, आणि आम्ही सोबत काय आणायचं. शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर ती टूर सोडा. १ नोव्हेंबरच्या रात्री सान आगुस्तीन एत्लाला 'मुएर्तेआदा' असते, वेगवेगळी सोंगं घेऊन बँडबरोबर सकाळपर्यंत नाच. ती जागरणाची आणि धक्काबुक्कीची आहे, आईला हॉटेलवर ठेवून तुम्ही जाऊन या. खोल्या फार लवकर भरतात. आम्ही मार्चमध्ये शोधायला लागलो तेव्हाच मध्यवस्तीतल्या बऱ्याच गेल्या होत्या.

आई शाकाहारी असेल तर हे नीट वाचा. घोटलेल्या काळ्या घेवड्यात आणि तमालेत (पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं पीठ) सर्रास डुकराची चरबी असते. त्लायुदा म्हणजे मोठी कुरकुरीत तोर्तिया, तिच्यावरही 'आसिएन्तो' नावाची चरबीच फासतात, म्हणून 'सिन आसिएन्तो' हे दोन शब्द पाठ करा. मोलेत बहुधा कोंबडीचं पाणी असतं. पावात अंडं असतं. माझी आई केसियो चीज, साध्या तोर्तिया, पेरू-पपई आणि पाण्यातलं गरम चॉकलेट यांवर चार दिवस मजेत राहिली.

वाहाका साधारण १,५०० मीटर उंचीवर आहे, दिवसा ऊन आणि सूर्य मावळला की स्वेटर. कब्रस्तानातली जमीन खाचखळग्यांची, म्हणून पायात बूट, हातात टॉर्च. स्वच्छतागृहासाठी सुटे पेसो जवळ ठेवा. आणि आईसाठी घडीचं स्टूल नक्की न्या. आम्ही नेलं नव्हतं. मावशींनी फुलांच्या पाण्याची बादली रिकामी करून उलटी घातली आणि आई तिच्यावर अडीच तास बसून होती. उठायचं नावच घेत नव्हती.