पथ्रोटसारख्या गावाला रेल्वे स्टेशन का दिलं होतं आणि ते बंद का पडलं?

अंजनगाव-अचलपूर भागात फिरताना झुडपांत बारीक रूळ दिसले, म्हणून तुम्ही हे विचारलंय. अमरावती जिल्ह्यातलं पथ्रोट माझं आजोळ आहे.

गाव रेल्वेच्या कितीतरी आधीपासूनचं. पानमळे आणि पानपिंपरी ही औषधी वेल, ही इथली जुनी ओळख. जवळच्याच सुर्जी-अंजनगावला 30 डिसेंबर 1803 रोजी शिंदे आणि इंग्रजांचा तह झाला. पण स्टेशन आलं ते कापसामुळे. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि त्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर स्थिरावली. 1867 पर्यंत मुंबईची मोठी लाइन मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली. कापूस पिकायचा मात्र तिथून दूरच्या गावांत, आणि स्टेशनपर्यंत न्यायला बैलगाडीशिवाय काही नाही.

म्हणून किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. रूळ अडीच फूट रुंदीचे. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, 113 किलोमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला, 76 किलोमीटर. रुईच्या गाठी मुंबईमार्गे मँचेस्टरला जायच्या आणि गाडी ओढणारं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 साली बांधलेलं! ते कोळशाचं इंजिन 15 एप्रिल 1994 ला उतरवलं, मग डिझेल आलं.

कापूस पुढे ट्रकमध्ये गेला, तरी ही गाडी, लोकांच्या तोंडी शकुंतला, माणसांसाठी धावत राहिली. आम्ही तिला गाडी म्हणतच नव्हतो. "शकुंतला गेली काय वं?" असं आजी अंगणातून विचारायची आणि त्यावर तिचा चुलीचा वेळ ठरायचा. फाटक आलं की गाडी थांबे, कर्मचारी उतरून फाटक लावी, गाडी पुढे जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून परत चढे. तिकीट गार्डच देई. मूर्तिजापूरला पोचायला अर्धा दिवस मोडायचा, पण एसटीपेक्षा भाडं इतकं कमी की मजुरीला जाणाऱ्या बायका, पाट्या घेऊन बाजाराला निघालेली माणसं हिच्यातच बसत. आजी शेवटपर्यंत दवाखान्याला याच गाडीने गेली. एसटीत तिला मळमळायचं.

आता बंद का पडली ते सांगतो. स्वातंत्र्यानंतर देशातल्या जवळपास सगळ्या रेल्वे सरकारजमा झाल्या, ही लाइन मात्र कंपनीच्या मालकीची राहिली. गाडी चालवायची सरकारी रेल्वेने, रूळ दुसऱ्याचे. अशात दुरुस्ती मागे पडत गेली. रूळ झिजले, वेग उतरत गेला, आणि वेग उतरला तसे ज्यांना घाई होती ते प्रवासी सुटले. 2016 च्या सुमारास यवतमाळची गाडी थांबली, पुढच्या काही वर्षांत आमचीही.

लोक म्हणतात तोट्यातली गाडी होती, बंद पडणारच. मला हे पटत नाही. मोडक्या रुळांवरून, दिवसातून एकच फेरी मारणाऱ्या गाडीचा हिशेब कधी जुळला असता? मूर्तिजापूर ते अचलपूर वाट अजून जागेवर आहे. तीच ब्रॉडगेज करा, एवढंच इथले लोक मागतात आणि त्यासाठी रस्त्यावरही उतरलेत. आमच्या गावच्या पोरांना कॉलेजला जायला आज दोन गाड्या बदलाव्या लागतात.