स्टेंट लगेच टाकला नाही, तर जिवाशी खेळ होतो का?

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर टॉवेल विणण्यात उभे आयुष्य गेलेले एक काका मुलासोबत माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) जिना चढताना त्यांच्या छातीत भरून येई आणि थांबले की बरे वाटे, अँजिओग्राफीत एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला होता. "कर्ज काढतो, पण बाबा वाचले पाहिजेत," असे मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता. काका फाइल मांडीवर घेऊन गप्प होते.

स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी) टाकावा की नाही, हे सांगणे माझ्यासारख्या समुपदेशकाचे काम नव्हे. मात्र या उपचाराने नेमका कोणता फायदा होणार, आयुष्य वाढणार की त्रास कमी होणार, हे डॉक्टरांना विचारले का, असे मी विचारले. दोघांनीही ते विचारले नव्हते, आणि भीतीने ग्रासलेल्या घरात ते सुचतही नाही.

हार्ट अटॅक आलेला असताना बंद रक्तवाहिनी तातडीने उघडणे जीव वाचवते. तिथे, किंवा बसल्या जागी छातीत दुखू लागले तर, क्षणभरही थांबू नये. काकांचा त्रास मात्र श्रमाने होणारा आणि स्थिर होता. अशाच ५,१७९ रुग्णांवरील 'इस्केमिया' या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपासचा मार्ग धरलेल्यांत आणि आधी केवळ औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. ज्यांच्या छातीत वरचेवर दुखत होते, त्यांना मात्र स्टेंट वा बायपासने अधिक आराम मिळाला. डाव्या मुख्य रक्तवाहिनीत अडथळा असलेले आणि हृदय फार कमकुवत झालेले रुग्ण त्या अभ्यासात नव्हते, म्हणून आपण त्यांपैकी आहोत का, हे आधी विचारायला मी सांगितले. प्रश्न आम्ही फाइलच्या मागेच लिहिले.

डॉक्टरांनी उत्तरे शांतपणे दिली. डावी मुख्य रक्तवाहिनी मोकळी होती, हृदयाचे पंपिंग चांगले होते, आणि काही महिने औषधे घेऊन पाहण्यास त्यांची हरकत नव्हती. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि हृदयाची गती आवरणारी गोळी सुरू झाली. तंबाखू सुटायला सर्वांत जास्त कष्ट पडले, आणि ते श्रेय काकूंचे आहे.

त्रास कमी झाला, पण मागावर उभे राहिल्यावर छाती भरून येणे पुरते थांबले नाही. तेव्हा काकांनी स्वतःच स्टेंट टाकून घ्यायचे ठरवले. "काम करता यावं म्हणून टाकतोय," असे त्यांनी मुलाला सांगितले. गोळ्या पुढेही चालूच ठेवायच्या आहेत, हे आता दोघांनाही ठाऊक आहे.