चमचा तिरका करून बघा

प्रश्न : बाळ 8 महिन्यांचं आहे. मी दिवसभर कामावर असते, सासूबाई सांभाळतात. दिवसातून दोनदा पेज आणि बाटलीने पावडरचं दूध देतो. दोन महिन्यांत वजन जेमतेम 100 ग्रॅम वाढलं. पोटभर खातं, तरी अंगाला का लागत नाही? माझं दूध आटलं असेल का?

उत्तर : पोट भरतं हे खरं, पण कशाने? या वयात बाळाच्या पोटात एका वेळी साधारण 200 मिलिलिटर मावतं. पेज पातळ असेल तर ती जागा पाणीच अडवतं. पूर्वी मी आयांना ‘काय भरवता?’ एवढंच विचारायची आणि कागदावर लिहून मोकळी व्हायची. एकदा एकीने पिशवीतून डबाच काढला, चमचा भरून तिरका केला. पेज धारेने खाली! तेव्हापासून डबा बघितल्याशिवाय मी बोलत नाही. तुम्हीही बघा. पेज चमच्यावर टिकली पाहिजे. घट्ट शिजवा, वरून छोटा चमचा तेल घाला (त्यातूनच चाळीसेक कॅलरी मिळतात), कुस्करलेली डाळ किंवा अंडं मिसळा. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा भरवा.

आता पावडर. तुम्ही लिहिलेलं नाही, पण डबा जास्त दिवस पुरावा म्हणून एखादा चमचा कमी पडतो का? सासूबाईंना विचारा, रागावून मात्र नको. ओढाताणीच्या घरात हे होतंच. पातळ दूध, त्यात बाटलीच्या बुचाला चिकटलेली घाण, मग जुलाब, मग भूकच मरते. बाटली बंद करा, वाटी-चमच्याने पाजा.

तुमचं दूध बहुधा आटलेलं नाही. बाळ जितकं ओढेल तितकं ते येतं, आणि बाटलीमुळे ओढणंच कमी झालंय. निघण्याआधी, आल्यावर आणि रात्री अंगावर पाजा. सकाळी हात धुऊन स्वच्छ वाटीत काढून झाकलेलं दूध, फार उकाडा नसेल तर, 4 तास चालतं.

तरीही 100 ग्रॅम फारच कमी आहे, तेव्हा याच आठवड्यात बाळाला दाखवून आणा. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर त्याच दिवशी जा. दोन्ही पावलं अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघा. खड्डा तसाच राहिला तर ती कुपोषणाची सूज आहे, तेव्हाही त्याच दिवशी जा. अशा बाळांना घरचे ‘जरा भरलंय’ म्हणत कौतुकाने घेऊन येतात.