साडेपाचची एसटी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला होता. ‘मॅडम, एम-वनला केटी लागली. मला ते डोकंच नाही. परत येऊन बीएस्सीला बसते.’ पुण्यात इंजिनिअरिंगला गेलीस आणि गणिताच्या पहिल्याच पेपरात, एम-वनमध्ये, नापास झालीस; केटी लागली म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा, एवढंच. मेसेज सकाळी वाचला. लगेच फोन करणार होते, पण फोनवर तू ‘हो मॅडम, हो मॅडम’ म्हणत ठेवून दिला असतास. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

आधी डोक्याचं बोलू. बारावीला तुला गणितात ९१ होते. दोन वर्षं तुझ्या वह्या मी तपासल्या आहेत, त्यामुळे ते मार्क कसे आले हे मला ठाऊक आहे. फक्त तुझा आणि माझा हिशेब इथे जुळत नाही. तुला वाटतं, पहाटे चारला उठून एकटीनं केलेल्या अभ्यासामुळे आले. तो अभ्यास होताच. पण मला आठवतो आपल्या कॉलेजच्या फाटकाजवळचा कट्टा. प्रॅक्टिकल पावणेपाचला सुटायचं आणि तुमच्या गावची एसटी साडेपाचला. तो पाऊण तास तुम्ही चौघी एकमेकींच्या वह्या ओढून घ्यायचात. ‘हे उणे कुठनं आणलंस?’ ‘अगं, इथं लिमिट बदलायला नको का?’ स्टाफरूमच्या खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं. कधी कधी तर एसटी लागलेली असायची तरी तुमचं भांडण मिटलेलं नसायचं. त्या पाऊण तासाला तुम्ही कुणीच अभ्यास म्हणत नव्हता.

पुण्यात तो कट्टा तुटला. आणि तू समजलीस की डोकं गेलं.

मागच्या महिन्यात मी विचारलं होतं, अभ्यास कुणाबरोबर करतेस? तू म्हणालीस, ‘एकटीच. बाकीच्या सगळ्या फाडफाड इंग्लिश बोलतात, त्यांच्यात जाऊन आपलं कशाला उघडं पाडायचं?’ त्या वाक्यानं मला तेव्हाच धास्ती वाटली होती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

एक खरी गोष्ट सांगते. १९७०च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात उरी ट्राइस्मन नावाचा तरुण गणित शिकवायचा. कॅल्क्युलसमध्ये तिथली कृष्णवर्णीय मुलं मोठ्या प्रमाणात नापास होत आणि चिनी वंशाची मुलं पुढे जात. त्यानं सहकाऱ्यांना कारणं विचारली. उत्तरं आपल्याकडे मिळतात तीच मिळाली: तयारी कच्ची, घरची परिस्थिती, जिद्द कमी. त्याचं समाधान झालं नाही. त्यानं दोन्हीकडची वीस-वीस मुलं निवडली आणि ती अभ्यास कसा करतात हे त्यांच्याबरोबर राहून पाहिलं. सगळी कारणं खोटी ठरली. नापास होणारी मुलं आपापल्या शाळेतली हुशार मुलं होती, कष्टाळू होती. पण ती खोलीचं दार लावून एकेकटी बसत. अडलं की त्यांना वाटे, आपल्यातच खोट आहे. चिनी मुलंही आधी एकटी बसत, पण नंतर एकत्र येऊन उत्तरं ताडून पाहत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर त्यांना कळायचं की गणितच अवघड आहे.

हा शेवटचा फरक नीट बघ. एकटीला हे कधीच कळत नाही.

मग ट्राइस्मननं त्या मुलांसाठी गट सुरू केले. कच्च्या मुलांचा जादा तास असं त्यांना म्हटलं नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि एकत्र बसून सोडवा म्हणून सांगितलं. ती मुलं पास झाली, आणि बरीच चांगल्या मार्कांनी झाली.

यासाठी बर्कलीला जायची गरज नाही म्हणा. आपल्या कराडजवळच्या काले गावी १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं तिथे एकत्र राहायची, एकत्र जेवायची, एकत्र अभ्यास करायची. पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. भाऊरावांना नुसती शाळा काढता आली असती, मग बोर्डिंगचा एवढा खटाटोप कशाला? मला वाटतं, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या पोराला नुसता वर्ग पुरत नाही, सोबत लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. तूही घरातली पहिलीच आहेस.

तेव्हा या आठवड्यात दोघी-तिघी शोध. फाडफाड बोलणाऱ्यांपैकी असल्या तरी चालतील. पण खरं सांगू? तुमच्या वर्गात एम-वनला केटी लागलेली तू एकटी नसणार. नोटीस बोर्डापासून मान खाली घालून निघून गेलेली दुसरी कुणीतरी असेलच, तिला गाठ. आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड-दीड तास बसायचं. आधी प्रत्येकीनं आपापली गणितं करून यायची, मग वह्या बदलायच्या. आधी न करता गेलीस तर त्या गप्पा होतील.

आता एकटीनं करायच्या अभ्यासाविषयी. नोट्स चार रंगांत अधोरेखित करून पुन्हा पुन्हा वाचतेस, हे मला माहीत आहे. ते सोड. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मिटवले आणि आठवेल ते कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे वाचताना ‘येतंय, येतंय’ वाटतं ती पाच मिनिटांची गोष्ट. तुझा पेपर तर सेमिस्टर संपल्यावर असतो.

गणितात हे असं करायचं: सोडवलेलं उदाहरण एकदा नीट बघ, वही मिट, कोरा कागद घे आणि पहिल्या ओळीपासून लिही. जिथे हात थांबेल तिथे खूण कर. तीन दिवसांनी तेच पुन्हा. आणि उत्तर स्वतः तपासायची सवय लाव. आयगेन व्हॅल्यू काढल्यास तर त्यांची बेरीज मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेइतकी येते का बघ, आणि गुणाकार डिटरमिनंटइतका. दहा सेकंदांचं काम आहे, पण पेपरात हात कापत असताना आधार देतं.

कागदावरची ती खूण घेऊन सरांकडे जा. ‘सर, मला काही कळलंच नाही’ म्हटलंस तर तेही काय करणार? ‘सर, इथपर्यंत आलं, ही ओळ कशी आली ते कळत नाही,’ असं म्हण. मराठीत विचारलंस तरी हरकत नाही. एकतीस वर्षांत असा नेमका प्रश्न घेऊन आलेलं पोर मी कधी परत पाठवलं नाही, आणि बहुतेक शिक्षक असेच असतात.

सगळेच नसतात, हेही सांगते. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या उच्चारावर एक प्राध्यापक भर वर्गात हसले. त्यानंतर तीन महिने मी तोंड उघडलं नाही, पुढे पुढे तासालाही जाईना. होस्टेलवर माझी खोलीतली मैत्रीण मराठी साहित्याची. तिनं एका रात्री वही पुढे ओढली आणि म्हणाली, ‘मला काहीतरी समजावून सांग. मला येत नाही, म्हणजे मी हसणारही नाही.’ तिला सांगताना माझं कुठे अडतंय ते मला पहिल्यांदा दिसलं. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या एका सरांना विचारलं. एक माणूस हसला म्हणून सगळी दारं लावून घेऊ नकोस. मी लावली होती, आणि त्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं असतं.

पैशाचं थोडक्यात. फी माफ आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज दर वर्षी नव्यानं पुढे न्यावा लागतो, आणि मुलींची फीमाफी शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्काची आहे, मेसची नाही. वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी तू बसतेस का, ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर याच आठवड्यात विचार. मेसचे पैसे वाचवायला रात्री बिस्किटांवर झोपतेस, हे तुझ्या मैत्रिणीकडून मला कळलं. ते बंद कर. उपाशी पोटी आणि जागरणानं गणित सुटत नाही. कमी पडले तर मला सांग, संकोच करू नकोस.

बीएस्सी वाईट नाही, मी तेच केलंय. ते आवडतं म्हणून येणार असशील तर मी स्वतः फॉर्म भरून देईन. पण एका विषयाच्या केटीला भिऊन येऊ नकोस. केटी पुढच्या परीक्षेत निघते.

आणखी एक. परवा आप्पा बाजारात भेटले. ‘पोरगी इंजिनिअर होतीया मॅडम,’ म्हणत मला चहाला घेऊन गेले. त्यांना निकाल माहीत नाही हे माझ्या लक्षात आलं आणि मी काही बोलले नाही. ते तू सांगायचं आहेस. शनिवारी घरी जा, जेवणं झाली की सांग, आणि केटी कशी काढणार तेही त्याच दमात सांग. ते दोन मिनिटं गप्प बसतील. बसू देत.

रविवारी सकाळी नऊला माझ्याकडे ये. एम-वनची प्रश्नपत्रिका आण, कोरे कागद माझ्याकडे आहेत. कट्ट्यावरच्या त्या बाकीच्या तिघींपैकी जी गावात असेल तिलाही घेऊन ये. दुपारच्या एसटीनं पुण्याला जाता येईल.

तुझी,
मॅडम