जुन्या लोकलचे दार

भुसावळ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मुंबईच्या जुन्या, बिगर-वातानुकूलित लोकल गाड्यांना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याच्या आराखड्यावर तुला नेमले आहे, हे वाचून फार समाधान वाटले. माझी सारी नोकरी इथल्या पीओएचमध्ये, म्हणजे विद्युत इंजिने पूर्ण उघडून पुन्हा जोडण्यात गेली. लोकलचे डबे माझ्या हाताखाली आले नाहीत. परंतु वीस-पंचवीस वर्षे धावलेल्या गाडीत नवे काही बसवताना कोणत्या गोष्टी एकमेकींत अडकतात, हे इंजिनात आणि डब्यात फारसे वेगळे नसते. तू दोन प्रश्न विचारले आहेस: सुरुवात कुठून करावी, आणि जुन्या डब्यांवर हा खर्च करावा की नव्या वातानुकूलित गाड्यांची वाट पाहावी. पहिल्याचे उत्तर लांब आहे.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचे प्राण गेले. त्यानंतर रेल्वेने जाहीर केले की नव्या साध्या लोकलना बंद होणारी दारे असतील, त्या दारांना हवा येण्यासाठी झडपा असतील, छतावर हवा खेळवणारी यंत्रे असतील आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येईल. ही चार कामे एकाच घोषणेत आली हे नीट ध्यानात घे. दार एकटे बसवता येत नाही, आणि माझे सगळे सांगणे याच एका गोष्टीभोवती आहे.

प्रथम हवेचा हिशेब कर. मुंबईच्या गर्दीचे जे वर्णन सरकारी कागदांत वर्षानुवर्षे येत आले आहे, त्यानुसार नऊ डब्यांच्या आणि सुमारे १,७०० क्षमतेच्या गाडीत गर्दीच्या वेळी ४,५०० माणसे असत, म्हणजे एका डब्यात सरासरी ५००, आणि उभ्या जागेच्या एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६. स्वस्थ उभा असलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. तेव्हा दारे मिटलेल्या एका डब्यात ५० किलोवॅटची शेगडी सतत पेटलेली आहे असे धरून चाल. रावेर-यावलकडे केळी पिकवण्याच्या शीतगृहाचा हिशेब करणारा माणूस बाहेरच्या उन्हाबरोबरच फळ स्वतः किती उष्णता टाकते हेही मोजतो. तुला माणसांच्या बाबतीत तेच करायचे आहे. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत गेला तरी हवा कोरडी असते आणि घाम वाळतो, मुंबईत तो वाळत नाही. म्हणून आपल्याकडच्या मेमूच्या, म्हणजे जवळच्या गावांना जोडणाऱ्या विद्युत गाडीच्या डब्यावरून मुंबईच्या डब्याबद्दल अनुमान काढू नकोस. उघडे दार हे आजवर त्या डब्याचे सर्वांत मोठे वायुवीजन होते. ते बंद करणाऱ्याने तितकी हवा दुसऱ्या मार्गाने आत आणली पाहिजे, आणि गाडी दोन स्थानकांमध्ये खोळंबून झडपांतून वारा येणे थांबले तरीही ती येत राहिली पाहिजे. छतावरच्या यंत्राचे माप धावत्या गाडीवर ठरवू नकोस, उभ्या गाडीवर ठरव.

आता ती यंत्रे छतावर चढली की छताचे वजन वाढले, आणि त्यांना लागणारी वीज सहाय्यक पुरवठ्यावर आली, जो मुळात दिवे, पंखे आणि कॉम्प्रेसर यांच्यापुरता आखलेला असतो. पंखे चालतील, पण गाडीतला सर्वांत जुना कन्व्हर्टर, म्हणजे तारेतली वीज या उपकरणांजोगी करून देणारे यंत्र, उन्हाळ्यात वारंवार बंद पडू लागेल, असा आराखडा कागदावर अगदी निर्दोष दिसतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून वजनाची एक आणि विजेची एक अशा दोन वह्या ठेव. वाढवलेली प्रत्येक वस्तू, अगदी एक ब्रॅकेटसुद्धा, तीत मांड. साठ किलोची ५०० माणसे म्हणजे ३० टन. इतका भार उचलणाऱ्या डब्यात काही शे किलोंनी काय बिघडते, असे तुला कोणी म्हणेल. त्याला शांतपणे सांग की ते ३० टन आराखड्यात आधीच धरलेले आहेत, वाढलेले काही शे किलो धरलेले नाहीत, आणि शिवाय ते छतावर, म्हणजे वळणावर सर्वांत जास्त बाधतील अशा जागी आहेत.

यानंतर वेळ. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कल्याण या धिम्या मार्गावर मधली चोवीस स्थानके आहेत. दार मिटणे, कोणाची पिशवी अडकल्यास पुन्हा उघडणे, सर्व दारे बंद झाल्याचा संकेत मोटरमनला मिळणे, यात प्रत्येक स्थानकावर दहा सेकंद जरी वाढले तरी एका फेरीत चार मिनिटे जातात, आणि गर्दीच्या वेळी त्याच रुळांवर मागची गाडी त्याहून कमी अंतराने येत असते. दारामुळे गेलेली मिनिटे वेगाने भरून काढता येतात का, हा पुढचा प्रश्न तुला मोटरकडे नेईल, आणि तिथे तुझे नशीब बरे आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत पहिली विद्युत गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. त्या पद्धतीच्या गाड्यांत वेग घेताना जादा वीज रोधकांत उष्णता होऊन वाया जात असे. मुंबईचे उपनगरी मार्ग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसीवर, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेवर आले, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरून शेवटची डीसी गाडी गेली. आपल्याकडे साठच्या दशकाच्या अखेरीपासूनच एसी असल्यामुळे इगतपुरीला इंजिन बदलण्याचा जो खोळंबा खानदेशातल्या दोन पिढ्यांनी सोसला, तोही याच फरकामुळे होता. २००७ पासून आलेल्या रेकमध्ये, म्हणजे एका गाडीच्या डब्यांच्या जोडलेल्या संचात, तीन फेजच्या मोटरी आहेत. त्यांना कार्बन ब्रश नाहीत, त्या जोमाने वेग घेतात, आणि ब्रेक लावताना वीज तारेत परत पाठवतात. अशा रेकवर दार बसवत असशील तर गमावलेल्या वेळेतला काही भाग तुला परत मिळेल. तुझ्या वाट्याला त्याहून जुन्या बनावटीचा रेक आला असेल, तर हा हिशेब वरिष्ठांपुढे लेखी मांड. वेळापत्रक कोलमडले की दोष दाराला दिला जाईल आणि चाकरमानी ते दार हाताने अडवून धरतील. मग सुरक्षेसाठी केलेला खर्च सुरक्षेलाच मारक ठरेल.

प्रत्यक्ष दाराबद्दल थोडे बारकाईने लिहितो, कारण इथेच आराखडे फसतात. दाराचा खालचा खाचा हे गाडीतले सर्वांत घाण ठिकाण असते. धूळ, पावसाचे पाणी, थुंकी, तिकिटांचे तुकडे सगळे त्यात साठते. म्हणून वजन वरच्या पट्टीवर टांग, खाली केवळ मार्गदर्शनापुरता आधार ठेव आणि खाच्याला आरपार निचरा दे. गर्दी आतून दारावर रेलते, तेव्हा दाराचा पत्रा बाहेर फुगून घासू लागतो. चाचणी मोकळ्या दारावर न घेता आतून दाब देऊन घे. एक दार नादुरुस्त झाले तर ते वेगळे काढून, कुलूपबंद करून गाडी पुढे नेण्याची सोय आणि आतून संकटकाळी उघडण्याचे हँडल, ही दोन्ही अंधारातही सापडतील अशी हवीत. आणि उंबऱ्याची उंची पाहा: मुंबईचे फलाट ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत वाढवले गेले, पण स्टीलच्या स्प्रिंगवरचा डबा भरला की खाली बसतो, हवेच्या स्प्रिंगवरचा बसत नाही. दोन्ही प्रकारच्या बोगी, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे, असतील तर दोन्हींवर मापे घे, भरल्या डब्याचीही आणि रिकाम्याचीही.

गंजाविषयी एकच सांगतो, पण ते सर्वांत आधी करायचे आहे. मूळ नकाशावर विसंबून दाराची चौकट आखू नकोस. माटुंग्याच्या किंवा महालक्ष्मीच्या वर्कशॉपमध्ये रेक येईल तेव्हा दाराजवळची फरशी आणि आतला पत्रा काढायला लाव. समुद्राची हवा आणि पावसाळ्यात दारातून आत येणारे पाणी नेमके उंबऱ्याखालच्या सोलबारला, म्हणजे डब्याच्या तळाशी कडेने जाणाऱ्या पोलादी तुळईला खाते, आणि तुझे नवे दार त्याच पोलादाला बोल्ट करायचे असते. डब्याचे आयुष्य २५ वर्षांचे धरले जाते. ज्याची पंधरा-सोळा झाली आहेत त्याच्यावर हे काम करणे शहाणपणाचे, ज्याची तेवीस झाली त्याच्यावर नाही. वर्कशॉपमधल्या जुन्या वेल्डरला आणि फिटरला प्रत्येक डब्याची दुखणी ठाऊक असतात. त्यांच्याजवळ उभी राहा, प्रश्न विचार आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत टिपून ठेव.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात. वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून धावत आहेत आणि पुढे त्याच वाढणार, हे योग्यच आहे. पण नवी गाडीही सहज मिळत नाही. पहिल्या वातानुकूलित रेकची उंची मध्य रेल्वेच्या जुन्या पुलांखाली बसत नव्हती, म्हणून ती पश्चिम रेल्वेवर गेली. शिवाय सारा ताफा बदलायला वर्षे लागतील, आणि तोवर लक्षावधी माणसे रोज जुन्याच डब्यांच्या दारात उभी राहणार आहेत. त्यांपैकी कितीतरी आपल्या जळगाव-धुळ्याकडून पोटासाठी कल्याण-डोंबिवलीला गेलेली मुले आहेत. ज्या डब्यांचे पोलाद अजून चांगले आहे, त्यांच्यावर खर्च करावा असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीच्यांच्या बाबतीत नव्या गाडीची मागणी तितक्याच स्पष्टपणे नोंदव.

पहिला रेक उघडला की उंबऱ्याखालच्या सोलबारच्या जाडीची मापे, प्रत्येक दाराची वेगळी, मला पाठव. सोबत वजनाची आणि विजेची वहीही जोड. मी ती तपासून महिन्याच्या आत कळवीन.

तुझा हितचिंतक