मेमरीचा अभ्यास नव्याने सुरू करतोयस तर
अरे, मेमरी म्हणजे रेकॉर्डिंग हे आधी डोक्यातून काढून टाक, आठवताना मेंदू ती गोष्ट दरवेळी नव्याने जुळवतो. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांचा 1974 चा प्रयोग नीट वाच, अपघाताची फिल्म एकच, पण गाड्या 'धडकल्या' ऐवजी 'जोरात आदळल्या' असं विचारलं की लोक स्पीड जास्त सांगायचे आणि आठवड्याने त्यातल्या साधारण एक तृतीयांश जणांना फिल्ममध्ये नसलेली फुटकी काचही आठवली, म्हणजे भाषा थेट आठवणीत शिरते ना! म्हणून मेमरी, भाषा, विचार वेगवेगळे चॅप्टर म्हणून शिकवलेले मला पटतच नाहीत. एका वेळी थोड्या वेळासाठी डोक्यात किती गोष्टी राहतात, त्याचा मानसशास्त्रज्ञ मिलरचा 1956 चा 'सात अधिक-उणे दोन' हा आकडा नुसता पाठ करू नकोस, कोवन या संशोधकाने 2001 मध्ये तो आकडा साधारण चारवर का आणला ते बघ. आणि हो, नोट्स परत परत वाचण्यापेक्षा वही मिटून आठवून लिही, जास्त दिवस टिकतं.